ग्रामसभा संपते तिथून पुढे

मे महिना संपत आला की अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर, पुलाच्या जिन्याजवळ शेवळं दिसू लागतात. ओल्या फडक्यावर मांडलेल्या तपकिरी-जांभळ्या जुड्या आणि शेजारी हिरव्या काकडांचा छोटा ढीग. विकणारी बाई बहुधा ठाकूर नाहीतर कातकरी, बदलापूरच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून पहाटेच निघालेली. शेवळं घेणाऱ्याला ती काकडं घ्यायला लावतेच. काकडांच्या आंबटाशिवाय शेवळं शिजवली तर घशाला खाज सुटते, आणि आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, हे ती न विचारता सांगते. नव्याने अंबरनाथला राहायला आलेलं गिऱ्हाईक असेल तर भाजी कशी करायची तेही उभ्या उभ्या सांगून होतं.

शेवळं जमिनीतून वर येतात ती वळवाच्या सरींवर. वळीव आणि खरा पाऊस यांच्या मधले पंधरा-वीस दिवस हाच त्यांचा हंगाम. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच येऊन थडकला, नेहमीच्या तारखेच्या तब्बल १६ दिवस आधी. तो आधीच आला म्हटल्यावर मधलं अंतरच उरलं नाही. वर्तमानपत्रांनी ‘विक्रमी लवकर आगमन’ असा मथळा दिला. शेवळं विकणाऱ्या बाईच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ वेगळा: रानात जायचे दिवस कमी, आणि जे दिवस उरले त्यात पायवाटा निसरड्या.

हवामानबदलाशी जुळवून घेणं, म्हणजे सरकारी मराठीत ‘अनुकूलन’, हा शब्द या बाईने कधी ऐकलेला नसेल. ते काम मात्र ती करतेच. प्रश्न असा की तिच्या परिसरात हे काम ज्यांच्या सहीने ठरतं, पैसा ज्यांच्या हातून खर्च होतो, त्या बैठकीत तिला बसायला जागा आहे का. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि त्यांच्या पाठीमागे पसरलेले मुरबाड, कर्जत, शहापूर हे तालुके एकत्र पाहिले तर याचं उत्तर बरंच विचित्र निघतं.

आधी भूगोल. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणकडे जाते. वालधुनी तिच्यापुढे ओढाच म्हणायची. अंबरनाथच्या वरच्या अंगाला काकोळ्याच्या बाजूने निघून, इ. स. १०६० च्या शिवमंदिराजवळून ती उल्हासनगरच्या दाट वस्तीत शिरते. दोन्ही नद्यांचं पाणी चढतं तेव्हा काय होतं हे २६ जुलै २००५ ला सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर बरोबर चौदा वर्षांनी, २०१९ च्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी बाहेर काढण्यात आले. त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. हेलिकॉप्टर आणि बोटी दूरचित्रवाणीवर दिवसभर दिसल्या. त्याच वेळी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांतल्या तळमजल्यांवर जे चाललं होतं ते दूरचित्रवाणीच्या कामाचं नव्हतं. तांदळाचा डबा ओट्यावरून माळ्यावर, शिधापत्रिका आणि मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, म्हातारी सासू पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, आणि पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला पुन्हा तेच हात.

पुराइतका उन्हाळा नजरेत भरत नाही. पण कुलाब्याला समुद्राचा वारा दुपारी लवकर पोचतो. बदलापूर-कर्जतच्या पट्ट्यात तो उशिरा येतो, कधी येतच नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलमधल्या उष्ण लाटांत या भागाचा पारा मुंबईच्या कितीतरी वर असतो. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यांतून कपड्यांचे गठ्ठे घरोघर जातात आणि बायका नगावर पैसे घेऊन सुटे दोरे कापतात. पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी दोन वाजता मांडीवर जीन्सची चवड घेऊन बसणं म्हणजे काय, याची नोंद कुठल्याही हवामान केंद्रात होत नाही. घर हेच कारखाना असेल तर उष्णतेच्या इशाऱ्यात ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला निरर्थक ठरतो.

कागदावर पाहायला गेलं तर सहभागाची तरतूद भरपूर आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमात म्हटलंय की अनुकूलनाची कामं स्त्रियांचा विचार करणारी, लोकसहभागाची, पारदर्शक असावीत आणि आदिवासींच्या ज्ञानाचा आधार घेणारी असावीत. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालानेही तेच अधिक ठामपणे मांडलं. भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. वनहक्क कायद्याचे २०१२ चे सुधारित नियम तर आणखी नेमके आहेत: हक्क ठरवणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. जमिनीचा दाखला नवराबायको दोघांच्या नावे द्यायचा. जलजीवन मिशनमधल्या गावच्या पाणी समितीतही निम्म्या बायका अपेक्षित आहेत, आणि पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं तेही गावातल्या पाच बायकांनाच.

जागा दिल्या म्हणजे आवाज मिळाला, असं नाही. पण जागांनी काहीच होत नाही हा शहरी तुच्छतावादही खोटा आहे. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनसमित्यांचा बारकाईने अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक नेमकी गोष्ट निघाली. समितीत बायका एक चतुर्थांश ते एक तृतीयांशापर्यंत पोचल्या की त्या येऊ लागतात, बोलू लागतात आणि पदं घेऊ लागतात. एकटी-दुकटी असली की ती सतरंजीच्या कडेला बसते. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की सरपंचपद स्त्रीकडे आल्यावर पंचायतीचा पैसा स्त्रियांच्या तक्रारींकडे, त्यातही पाण्याकडे, वळतो. ‘सरपंचपती’ नावाचं आपल्याकडचं खास पद लक्षात घेऊनसुद्धा हे खरं आहे.

आता हेच कायदे अंबरनाथच्या नकाशावर ठेवून पाहावेत. आदिवासी भागातल्या ग्रामसभेला खास अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका त्यात येतो, मुरबाड आणि भिवंडीचे काही भाग येतात. अंबरनाथ येत नाही. म्हणजे बारवी धरणाच्या पलीकडच्या ठाकूरवाडीला जो कायदा आहे तो अलीकडच्या ठाकूरवाडीला नाही. डोंगर एकच, जातही एकच, सोयरिकीही आपसांतच. शिवाय गाव नगरपरिषदेत गेलं की ग्रामसभाच संपते. तिच्या जागी शहरात काय येतं? ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६. उल्हासनगर पाच लाखांवर, म्हणून तिथे प्रभाग समित्या आहेत. अंबरनाथ-बदलापूरमध्ये नगरसेवकांत निम्म्या बायका निवडून येऊ शकतात, येतातही. पण वस्तीतल्या बाईने उठून ‘हा नाला इथे वळवू नका’ असं म्हणावं आणि ते इतिवृत्तात लिहिलं जावं, अशी कायद्याने दिलेली बैठक तिच्या वाट्याला नाही. गावात ती नावापुरती का होईना पण होती.

शहराच्या हद्दीला लागून असलेल्या वाड्यांचा सहभागाचा प्रश्न मुळात या फटीत अडकलेला आहे, आणि प्रशिक्षण शिबिरं घेऊन तो सुटणारा नाही.

कातकऱ्यांचं तर आणखी वेगळं. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष दुर्बल मानलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी ठाणे-रायगडमध्ये जागोजागी विखुरलेले, पण बहुतेक वाड्यांच्या खालची जमीन त्यांची नाही. ती कुळाची, खोताच्या वारसाची, वनखात्याची किंवा गेल्या वीस वर्षांत फार्महाऊससाठी कुणी घेतलेली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी या वाड्यांबरोबर काम करून २०१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जमिनीचे भाव चढले की वाडी हलवली जाते, हे त्यातलं कटू वास्तव. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत या जमातींसाठी पक्की घरं आहेत. वादळवाऱ्यात टिकणारं घर ही अनुकूलनाची पहिली पायरी; ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळलं तेव्हा ते कोकणाने अनुभवलं. पण घरकुलाच्या अर्जात पहिला रकाना जागेचा असतो.

दिवाळी झाली की वाडीतली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात. कल्याण, भिवंडी, अंबरनाथ, बदलापूर, पनवेल. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते, मजुरी हजार विटांवर. नवरा चिखल मळतो, साच्यात घालतो. बायको थापलेल्या विटा उन्हात मांडते, उलटते, डोक्यावरून भट्टीपर्यंत वाहते. मुलं विटा फिरवतात. हिशेब जोडप्याचा लागतो, पैसे पुरुषाच्या हातात पडतात. वाळत घातलेली कच्ची वीट म्हणजे चिखलच. डिसेंबरात, मार्चमध्ये अवकाळी पावसाची एक सर आली की दोन दिवसांची थापणी पुन्हा चिखल होते, आणि भिजलेली वीट हजारात धरली जात नाही. शेतकऱ्याच्या भिजलेल्या भाताचा पंचनामा होतो. भिजलेल्या विटेचा होत नाही, कारण ती कुणाची मालमत्ता ते मालक आणि मजूर यांच्यात कधी ठरलेलंच नसतं. विवेक पंडित यांनी उभारलेल्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून याच पट्ट्यात वेठबिगारी मोडायची लढाई लढली. उचलीचं चक्र तुटल्याशिवाय अवकाळीच्या नुकसानीची भरपाई कुणाला मागायची, हा प्रश्न विचारायलाही तोंड उघडत नाही. आणि ग्रामसभा? २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ही माणसं गावात नसतातच.

पावसाळ्यात ती परत येतात ती भाताच्या आवणीला. आवणी हे जवळजवळ पूर्णपणे बायकांचं काम: गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून, पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद. पूर्वी पाऊस जून अखेरीस लागला की महिनाभर आवणी चाले. आता पंधरा दिवस उघडीप आणि मग चार दिवसांत धो-धो, असं झालं की सगळ्यांची आवणी एकाच आठवड्यात येते. मजुरीचे दिवस कमी होतात आणि जे असतात ते पहाटेपासून रात्रीपर्यंत.

कर्जत तालुक्यात त्यावर एक देशी उपाय निघाला. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस टेक्निक’ विकसित केलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही; कायमच्या गादीवाफ्यांवर लोखंडी साच्याने भोकं पाडून थेट बी टोचायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. खर्च वाचतो, माती धरून राहते, राबासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत नाहीत, शेतात पाणी साठून निघणारा मिथेनही घटतो. बाईची कंबर वाचते ती वेगळीच. कोकणातल्या शेतीतला हा खरोखर मोलाचा शोध आहे.

तरी त्याला दुसरी बाजू आहे, आणि ती बाईच्या जागेवरून पाहिलं तरच दिसते. स्वतःच्या दहा गुंठ्यांत आवणी टळली तर ठाकूर बाईला ते हवंच आहे. दुसऱ्याच्या शेतातली आवणी टळली तर तिची जुलैची मजुरी गेली. या पद्धतीत तण मारायला तणनाशक लागतं. बांधावरचा कुरडू, टाकळा तिच्या दृष्टीने तण नाही, रात्रीचं कालवण आहे. म्हणून पद्धत टाकून द्यावी असं कुणी म्हणणार नाही. पण तिची प्रात्यक्षिकं ज्यांच्या नावावर सातबारा त्यांच्यासाठी होतात, आणि सातबारावर बाई क्वचितच असते. सहभाग हवा तो नेमका इथे, निर्णयाच्या आधी.

कर्जत तालुक्यात याच्या उलट टोकाचं एक काम आहे. कशेळे इथली अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था १९८० च्या दशकापासून ठाकूर-कातकरी वाड्यांत धान्य बँका चालवत आली. पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत घरातलं भात संपतं. तेव्हा सावकाराकडून एका मणाला दीड किंवा दोन मण परत करायच्या बोलीवर खावटी उचलायची, ही जुनी रीत. धान्य बँकेत वाडीचं भात वाडीतच साठतं, थोड्या वाढीव मापाने परत होतं आणि वाढलेली रास वाडीचीच राहते. त्याबरोबर भाताच्या जुन्या जातीही जपल्या गेल्या. हवामानबदल हा शब्द तेव्हा या कामात नव्हताच. भुकेपासून सुरुवात झाली होती. पण पाऊस लांबला तरी बी आणि पोट दोन्ही वाडीच्या ताब्यात ठेवण्याची ही व्यवस्था आजच्या कुठल्याही ‘लवचिकता आराखड्या’च्या तोडीची आहे. अशा कोठीत कुणाला किती मापं द्यायची हे ठरवायचं तर प्रत्येक घरात किती तोंडं आहेत ते ठाऊक हवं, आणि ते बायकांइतकं कुणाला ठाऊक नसतं.

महाराष्ट्रात इतरत्र जे गाजलं त्याचंही सूत्र हेच: आधी एखादी गोष्ट हातात आली, सहभाग मागून आला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजाच्या, शाळेत न गेलेल्या. त्यांच्या हातात बी होतं. ‘बाएफ’ या संस्थेच्या मदतीने ती बियाणे बँक झाली आणि २०२० मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. १९९३ च्या लातूर-धाराशिवच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने बायकांना घरबांधणीत उतरवलं, आणि पुढे दुष्काळात त्याच बायकांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतला. त्या एकरात ऊस-सोयाबीन नाही, तर भाजी, डाळ, ज्वारी, कमी पाण्यावर येणारी मिश्र पिकं. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. इथे कळीची गोष्ट खत किंवा बी नव्हे, तो एकर आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा परवाना गावाच्या हाती आला. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तीन दशकं जंगल राखलं. तिथल्या वनभाजी स्पर्धेत बायका रानातल्या भाज्या रांधून मांडतात, म्हणजे एका अर्थी जंगलाची वार्षिक मोजणीच करतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. त्यांची मिळकत कांदळवन टिकण्यावर आहे.

पुन्हा इकडे वळल्यावर ज्या गोष्टीशी गाठ पडते ती म्हणजे धरण. मुंबई महानगराचं अनुकूलन मुख्यतः धरणांच्या भाषेत होतं. शहर वाढतंय, पाऊस बेभरवशाचा, तर आणखी एक धरण बांधा. बारवी धरण एमआयडीसीचं. त्याची उंची वाढवून ७२.६० मीटरवर नेली आणि २०१९ मध्ये ते प्रथमच त्या उंचीला भरलं. पाण्याखाली मुरबाड तालुक्यातली तोंडली, मोहघर, कोळेवडखळ अशी गावं-पाडे गेले. बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर प्रत्येक कुटुंबातल्या एकाला नोकरी देण्याचं ठरलं. हे इतर प्रकल्पांच्या तुलनेत चांगलंच. पण ‘कुटुंबातला एक’ म्हणजे बहुतेक घरांत मुलगा. त्याच घरातल्या बाईकडे असलेली मोहाची झाडं, ओढ्यातली चिंबोरी, सरपणाची वाट यांचा मोबदला कुठल्या तक्त्यात बसत नाही.

मुरबाडमधल्या काळू धरणाचं काम वनखात्याची मंजुरी नसतानाच सुरू झालं. इंदवी तुळपुळे ज्यात काम करतात त्या श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. त्या लढ्यात गावोगावच्या आदिवासी बायका पुढे होत्या. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव हे त्यातलं मोठं हत्यार होतं. आपल्या भागात सहभाग खऱ्या अर्थाने दिसला तो ‘नाही’ म्हणताना, हे नोंदवून ठेवायला हवं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या दोन धरणांना मान्यता दिली; पाणी पुन्हा महानगरासाठीच.

शहापूरचं उदाहरण इतकं वापरलं गेलंय की ते आता कुणाला टोचत नाही. १८९२ च्या तानसापासून मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा अशा धरणांनी मुंबईची तहान भागवणारा हा सारा डोंगराळ भाग, आणि त्यातल्या शहापूरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग. डेंगणमाळ गावात निव्वळ पाणी भरायला दुसरी बायको करण्याची प्रथा दहा वर्षांपूर्वी जगभरच्या माध्यमांनी दाखवली. बातमी चमत्कारिक म्हणून गाजली. उन्हाळा लांबला तर कुणाचे तास वाढतात, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

शहरांच्या बाजूने पाहिलं तर हालचाल आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान नगरपरिषदांना आणि ग्रामपंचायतींना भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पंचतत्त्वांवर गुण देतं. गुणांसाठी झाडं लागतात, सायकल फेऱ्या निघतात, भिंती रंगतात. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. उल्हास नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषांवरून बदलापुरात बराच वाद झाला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा पाणी पोचतं ती, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. बिल्डर, सोसायट्या, अधिकारी सगळे या वादात होते. २०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे ज्या बायकांनी भिंतीवरच्या डागावरून लक्षात ठेवलंय, त्यांच्याकडून ती माहिती गोळा करणं हे पूररेषेचं सर्वांत स्वस्त सर्वेक्षण ठरलं असतं.

झाडांचं घ्यायचं तर मांगरूळचा डोंगर फार दूर नाही. अंबरनाथ तालुक्यातल्या या डोंगरावर २०१७ च्या पावसाळ्यात लाखभर झाडं लावायचा मोठा कार्यक्रम झाला. हजारो हात आले, छायाचित्रं निघाली. पुढच्या उन्हाळ्यांत वणव्यांनी त्यातली बरीच झाडं खाल्ली. डोंगर पेटतो तो एका दिवसात, आणि जाळपट्टा काढायला लागतो दिवाळीनंतरचा महिना. गवत कुठे वाळतं, गुरं कुठून चढतात, आग कुठल्या घळीतून वर येते हे पायथ्याच्या वाडीतली सरपण आणणारी बाई डोळे मिटून सांगेल. त्या लाख झाडांची राखण तिच्या हाती रोजंदारीने दिली असती तर किती खर्च आला असता, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता.

घरातून काम करणाऱ्या बायकांच्या उष्णतेवर गुजरातेत झालेलं काम उल्हासनगरला जवळचं आहे. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधल्या बायकांबरोबर पत्र्यांवर पांढरा परावर्तक रंग लावण्याचं काम चालवलं. ‘सेवा’ या संघटनेने असंघटित बायकांसाठी उष्णतेचा विमा आणला: पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की पंचनामा नाही, अर्ज नाही, पैसे थेट खात्यात. उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पातल्या दोरे कापणाऱ्या बायकांचे गट मुळात आहेतच, बचतगटही आहेत. गठ्ठा देणारा व्यापारी, नगाचा दर आणि वीज या तिन्हींवर बोलल्याशिवाय मात्र रंगाचा डबा पुरा पडणार नाही.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, राज्याचा कृषी विभाग २०२० पासून रानभाजी महोत्सव भरवतो. आदिवासी बायकांना मंडप, टेबल, वर पाटी, आणि कर्टुली, भारंगी, कुरडू, लोथ यांच्या टोपल्यांपुढे अधिकाऱ्यांची छायाचित्रं. बदलापूरच्या जांभळालाही आता भौगोलिक मानांकन मिळालंय. तेही स्टेशनच्या रस्त्यावर टोपलीत घेऊन बसतात त्या याच बायका. महोत्सव एक दिवसाचा. बाकीचे दिवस अंबरनाथच्या पुलाखाली, गाडी आली की फडकं चारही टोकांनी उचलायचं आणि गर्दीत मिसळायचं.

शेवळं विकणाऱ्या बाईला शहरात कायद्याने मिळू शकेल अशी एकच बैठक आहे, आणि ती पर्यावरण खात्याची नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती हवी. तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. अनुसूचित जमातींनाही प्रतिनिधित्व. मतदानाचा हक्क मात्र सर्वेक्षणात नाव लागलेल्या विक्रेत्याला. सर्वेक्षण जानेवारीत झालं तर शेवळंवाली तेव्हा वीटभट्टीवर असते, आणि जूनमध्ये झालं तर दहाच्या आत माल संपवून ती परतीच्या गाडीत बसलेली असते.